भिंतीवर बोट ठेवणारा व्हिजिटर

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे. खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. दुपारचा चहा घेताना एखादा अनुभव वाचायचा, मनातल्या मनात त्याचं कारण शोधायचं – वारा असेल, अंगात ताप असेल, झोप अर्धवट झाली असेल – आणि पुन्हा कामाला लागायचं. भूतबाधा, संकेत वगैरे मी मानत नव्हते, आणि आजही मानते असं म्हणणार नाही. माझं काम आकड्यांचं आहे. वेबसाइटवर कोण आलं, किती वेळ थांबलं, कुठल्या पानावरून निघून गेलं हे बघायचं आणि त्यावरून वेबसाइट सुधारायची.

तरी हे लिहिते आहे, कारण जे घडलं ते नेमकं माझ्या कामातच घडलं. अंधारात नाही, ओसाड माळावर नाही... भर दिवसा, लॅपटॉपच्या स्क्रीनवर.

मी वैशाली. लग्नाआधी पुण्यात एका कंपनीत होते. आता तेच काम लोहाऱ्यात घरी बसून करते. नवरा अमोल इथल्याच एका शाळेत शिक्षक आहे. त्याचं गाव सास्तूर. तिथं सासरे, सासूबाई आणि धाकटा दीर बाळू असतात. सासऱ्यांना घरात सगळेच अण्णा म्हणतात, मीही म्हणते.

बाळू भावजी आधी चाकणला एका कारखान्यात नोकरीला होते. ती सोडून ते गावी आले आणि शेतातल्या शेडमध्ये शेळीपालन सुरू केलं. जिल्ह्याचं नाव आता धाराशिव झालं, पण शेळीचं नाव उस्मानाबादीच राहिलं. काळीभोर, लांब कानांची, बहुतेक वेळा जुळी देणारी. भावजींचा जीव त्या शेळ्यांत फार. पण अण्णांना नोकरी सोडलेली आवडली नव्हती. त्यांनी सरळ सांगितलं होतं, "एक वरीस बघ. जमलं तर जमलं, न्हाय तर गुमान चाकणला परत जा."

भावजी बाजारात बोकडं विकत होते, पण त्यांना हवं होतं ते वेगळं. जातिवंत शेळ्या पाळायला नेणारं गिऱ्हाईक त्यांना पाहिजे होतं. असं गिऱ्हाईक लांबलांबून येतं आणि आधी मोबाइलवर बघतं. म्हणून मी त्यांना वेबसाइट करून दिली. प्रत्येक शेळीचा फोटो, वय, किती वेळा व्याली, सगळं व्यवस्थित लिहिलं.

आणि काहीच झालं नाही. माणसं यायची आणि लगेच निघून जायची. फोन कुणाचाच नाही. वर्ष निम्म्याहून जास्त सरलं होतं. भावजी एकदा जेवता जेवता म्हणाले, "वहिनी, चाकणच्या सायबाला फोन केलता म्या. जागा हाय म्हनला." मला ते ऐकून फार लागलं. दुसऱ्यांच्या साइट सुधारून देते आणि घरच्या माणसाची तेवढी तशीच पडलेली.

मग मी ऑफिसातल्यासारखं नीट काम हातात घेतलं. साइटवर व्हिजिटरचा माग ठेवणारं एक टूल बसवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते – त्यात माणसाचं नाव-गाव कळत नाही, पण तो पानावर कुठं थांबला, बोटानं कुठं टॅप केलं हे दिसतं. सगळ्यांचे टॅप एकत्र केले की पानावर रंगाचे डाग उमटतात. कमी टॅप तिथं निळा, जास्त तिथं लाल. त्याला हीटमॅप म्हणतात. आणि पाहिजे तर एकेका व्हिजिटरची रेकॉर्डिंगही बघता येते, आपण त्याच्या खांद्यावरून त्याच्या मोबाइलमध्ये डोकावतोय अशी.

पहिल्या आठवड्यातच चुका समजल्या. फोटो इतके जड होते की खेड्यातल्या नेटवर ते उघडेपर्यंत माणूस कंटाळून निघून जायचा. फोन नंबर पानाच्या अगदी तळाला, तिथवर कुणी पोचतच नव्हतं. आणि लोकांना सगळ्यात आधी जुळ्या करडांचे फोटो बघायचे होते, ते मी शेवटी टाकले होते. मी फोटो हलके केले, नंबर वर आणला, करडं पहिल्या पानावर घेतली. आणि खरंच फोन सुरू झाले. बार्शीकडच्या एका शेतकऱ्यानं फोटोतलीच शेळी मागितली – "ती डाव्या कानावर पांढरा ठिपका असलेली, तीच पायजे." भावजींनी मला हे फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. ते दिवस फार छान होते. मी सकाळी उठल्या उठल्या डॅशबोर्ड उघडायची.

त्याच हीटमॅपवर मला तो डाग दिसला.

पहिल्या पानावर शेडचा एक मोठा फोटो होता. शेडला तीन बाजूंनी जाळी, वर पत्रा, आणि मागच्या बाजूला दगड-मातीची जुनी भिंत. फोटोत शेळ्या मधोमध, भावजी कडेला उभे. टॅप व्हायला हवेत ते शेळ्यांवर. पण फोटोच्या उजव्या कोपऱ्यात, मागच्या भिंतीवर, एक लाल डाग होता. तिथं बटण नाही, अक्षर नाही, शेळी नाही. नुसते दगड.

असं होतं. लोकांना वाटतं फोटो मोठा होईल म्हणून ते टॅप करतात. मी फोटो मोठा होईल अशी सोय करून दिली. डाग तिथंच.

मग मी फोटोच बदलला. भावजींकडून शेडचा दुसऱ्या बाजूनं काढलेला मागवला. या फोटोत तीच भिंत डाव्या हाताला, गव्हाणीच्या मागे दिसत होती. दोन-चार दिवसांनी हीटमॅप उघडला तर उजवा कोपरा निळा, आणि डाग डावीकडे. मी दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघितले. एक मोठा पांढुरका दगड होता, त्याच्या बरोबर खाली. दोन्हीकडे तेच दगड.

स्क्रीनवरची जागा बदलली होती, पण भिंतीवरची जागा बदलली नव्हती.

मी रेकॉर्डिंग उघडल्या. वाटलं होतं बऱ्याच जणांचे टॅप असतील, पण ते सगळे एकाच व्हिजिटरचे निघाले. तो यायचा, पान उघडायचा, खाली सरकायचाच नाही. त्या दगडाखाली बोट ठेवायचा. थांबायचा. पुन्हा तिथंच ठेवायचा. वैतागलेला माणूस भराभर टॅप करतो, तसं नव्हतं ते. सावकाश... जसं आपण कुणाला नकाशावर गाव दाखवतो तसं. आणि मग निघून जायचा. कुठून आला त्या रकान्यात 'माहीत नाही'. मोबाइल कुठला – 'माहीत नाही'.

मी प्रज्ञाला फोन केला. प्रज्ञा माझी पुण्याची मैत्रीण, आमच्या टीममध्ये आहे आणि या कामात माझ्यापेक्षा हुशार. ती म्हणाली, "अगं बॉट आहे. कुठलातरी प्रोग्रॅम फिरत असतो. फिल्टर लाव."

मला पटलं. मी बॉट अडवायचा फिल्टर लावला. बाकीचे फालतू बॉट गेले, हा येतच राहिला.

"मग भिंतच काढून टाक," प्रज्ञा हसत म्हणाली, "फोटोतून."

मी तेही केलं. शेडचे सगळे फोटो उतरवले. पहिल्या पानावर फक्त एका शेळीचा चेहरा ठेवला, पाठीमागे हिरवं रान. त्या दिवशी सकाळी मी रेकॉर्डिंग बघत होते. अमोल शाळेत गेला होता, कुकर लावला होता, बाहेर भाजीवाला ओरडत होता. रेकॉर्डिंगमध्ये तो व्हिजिटर आला. शेळीच्या चेहऱ्यावर त्यानं बोट ठेवलं नाही. बराच वेळ काहीच केलं नाही. मग, पहिल्यांदाच, त्यानं दुसरं पान उघडलं – 'आमच्याविषयी'. तिथं घरच्यांचा एक छोटासा फोटो आहे. अण्णा, सासूबाई, भावजी. कुठं काढला होता तेही मी विसरले होते. अण्णांच्या खांद्याच्या वर, पाठीमागे, बोटाच्या पेराएवढी भिंत दिसते.

त्यानं तिथं बोट ठेवलं.

कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या आणि मी उठले नाही. भीती वाटली का? भीती म्हणता येणार नाही. शाळेत बाई आपल्याकडे बघून एखादा शब्द पुन्हा पुन्हा म्हणतात आणि आपल्याला कळत नाही, तेव्हा जसं होतं ना... तसं झालं. कुणीतरी काहीतरी सांगतंय आणि मी ढ आहे.

अमोल आल्यावर त्याला दाखवलं. त्यानं दोन-तीन रेकॉर्डिंग बघितल्या, माझ्याकडे बघितलं. "तू रविवारी पण कामच करतेस," म्हणाला. "चल, सास्तूरला जाऊन येऊ. तुलाही बरं वाटेल."

रविवारी गेलो. सासूबाईंनी शेंगोळे केले होते. जेवण झाल्यावर सगळे शेतात गेलो. भावजींना मी लॅपटॉपवर सगळं दाखवलं. त्यांना हसू आवरेना.

"वहिनी, हे गिऱ्हाईक शेळ्या सोडून भिंत इकत घेनार व्हय?"

"हसू नका. एकदा बघू तरी तिथं काय आहे."

बघितलं. काहीच नव्हतं. पांढुरका दगड, त्याच्या खाली दुसरे दगड, वरून मातीचा गिलावा. तडा नाही, फुगवटा नाही. भावजींनी हातानं थापटून दाखवलं. "बगा. लोखंडावानी हाय." भिंतीला लागून त्यांची बाज होती. दगडाचा गारवा येतो म्हणून दुपारी ते तिथंच पडायचे. बाजेच्या शेजारी गाभण शेळ्या बांधलेल्या. त्याही गारव्याला.

अण्णा इतका वेळ गव्हाणीवर बसून होते. आता म्हणाले, "मला दाव बरं ते."

मी लॅपटॉप त्यांच्यापुढं धरला आणि तीन रेकॉर्डिंग लावल्या. उजवीकडचा फोटो, डावीकडचा, आणि त्यांचा स्वतःचा. त्यांना हीटमॅप वगैरे काही मी सांगितलं नाही, एवढंच सांगितलं की हा जो ठिपका हलतो ते बघणाऱ्याचं बोट आहे. अण्णांनी तिसरी रेकॉर्डिंग पुन्हा लावायला सांगितली. मग उठून भिंतीजवळ गेले आणि त्या दगडाखाली तळहात टेकवून उभे राहिले.

"ही आपल्या जुन्या घरातली दगडं हायती," ते म्हणाले.

मला माहीत नव्हतं. अमोललाही अर्धवटच माहीत होतं. त्र्याण्णवच्या भूकंपात गावातली कितीतरी माणसं गेली, आणि अण्णांचं जुन्या गावातलं घरही पडलं. अण्णांची आई आणि धाकटी बहीण त्यात गेल्या, हे मी लग्न झाल्यावर ऐकलं होतं, पण अण्णा त्यावर कधी बोलत नाहीत आणि आम्हीही काढत नाही. नव्या गावात घर मिळालं. जुन्या घराचे दगड काही वर्षं तसेच पडून होते. पुढं शेतात आडोसा पाहिजे म्हणून अण्णांनी ते बैलगाडीनं आणले आणि ही भिंत घातली.

"बाळू, बाज हलव इथनं," अण्णा म्हणाले. "शेळ्या बी. लिंबाखाली ने."

"अण्णा, उन्हाळ्याचं दिस हायती. तिथं पत्रा न्हाय, काय न्हाय. गाभण हायती त्या."

"नेट बांध वर. पर इथं नगं."

"अवो भिंतीला काय झालंय? तुमीच बगा की."

"मला बी दिसंना काय झालंय ते," अण्णा म्हणाले. "तरी हलव."

त्यांनी आवाज चढवला नव्हता. तरी भावजींनी ऐकलं. त्याच संध्याकाळी अमोल आणि भावजींनी लिंबाखाली हिरवी जाळी ताणली, बाज उचलून नेली, शेळ्या तिकडं बांधल्या. दिवस मावळायच्या आत आम्ही लोहाऱ्याला परतलो. वाटेत अमोल म्हणाला, "अण्णांना कशाला दाखवलंस? त्यांना जुनं आठवलं." मला वाईट वाटलं. मी मनाशी ठरवलं, आता हा विषय बंद.

पुढं थोड्याच दिवसांत तो वळवाचा पाऊस आला. दुपारची वेळ होती, जेवणं होऊन गेली होती. आधी वारा सुटला, धुळीनं सगळं पिवळं झालं, मग गारा आणि पाऊस. लोहाऱ्यात आमच्याकडं लाइट गेली. पाऊस थांबल्यावर भावजींचा फोन आला. आवाज शांत होता, उलट जरा जास्तच शांत.

"वहिनी... भिंत बसली."

"म्हणजे?"

"आख्खी. आतल्या अंगाला. पत्रा बी खाली आलाय. माझी बाज व्हती ना, तिथं आता दगडच दगड हाय." मग म्हणाले, "म्या लिंबाखालीच व्हतो. शेळ्या बी समद्या धड हायती. एकीला तर आत्ताच कळा लागल्यात, ठेवतो फोन."

त्या संध्याकाळी त्या शेळीला दोन करडं झाली. आम्ही पोचलो तेव्हा सासूबाई त्यांना पोत्यानं पुसत होत्या. अण्णा ढिगाऱ्यापाशी उभे होते. त्यांनी मला बोलावून दाखवलं. बाहेरून धड दिसणारी ती भिंत आतून पोकळ झाली होती. घुशींनी मधली माती उकरून नेली होती, आणि पावसाचं पाणी त्यात शिरलं. पांढुरका दगड ढिगाऱ्यात वरच पडलेला होता. त्याच्या खालची माती अण्णांनी चिमटीत घेतली तर तिचा भुगा झाला.

तेव्हा भिंत का पडली, याचं कारण मिळालं. त्यात अमानवीय काही नाही. घुशी, पाणी, जुनी माती. पण ज्या जागेला भिंत आतून पोखरली होती, बरोबर त्याच जागेवर इतके दिवस बोट ठेवणारं कोण होतं? भावजी हात थापटून बघत होते आणि त्यांना कळलं नाही. आम्ही चार माणसं समोर उभं राहून बघत होतो, आम्हाला दिसलं नाही. मग फोटोत कुणाला दिसलं?

सासूबाईंनी नारळ फोडला. भावजी त्यानंतर मला एकदाही हसले नाहीत. मी अण्णांना एकटं गाठून विचारलं, "अण्णा, कोण असेल हो?"

ते ढिगाऱ्याकडं बघत राहिले. मला वाटलं आईचं किंवा बहिणीचं नाव घेतील.

"ह्या गावात कुणाकुणाचं नाव घ्यावं, पोरी," ते म्हणाले. एवढंच. पण त्यांचा चेहरा दुःखी नव्हता. लांबच्या गावाहून घरी खुशाली कळावी आणि माणूस निवांत व्हावा, तसे ते दिसत होते.

नवं शेड झालं. लोखंडी खांब, चारी बाजूंनी जाळी, दगडाची भिंत कुठंच नाही. मी त्याचे फोटो साइटवर टाकले आणि कबूल करते, त्याची वाट बघत बसले. आठवडा गेला तरी आला नाही. मग एक दिवस सकाळी आला. जागा 'माहीत नाही', मोबाइल 'माहीत नाही'. त्यानं पहिला फोटो बराच वेळ बघितला. कुठंही बोट ठेवलं नाही. मग सावकाश खाली सरकत गेला. एकेक शेळी, एकेक करडू, लिंबाखाली जन्मलेली ती दोघंही. पार तळापर्यंत गेला... आणि गेला. त्यानंतर पुन्हा आलेला नाही.

रेकॉर्डिंग माझ्याकडे आहेत. प्रज्ञानं सगळ्या बघितल्या. आधी तिनं सर्व्हर तपासला, मग टूल बनवणाऱ्यांना लिहून विचारलं. त्यांनी कळवलं की असे व्हिजिटर कधीकधी दिसतात आणि ते मोजणीतून वगळणं चांगलं. अमोलचं म्हणणं, लांब कुठंतरी एखादा जाणकार गवंडी असेल, त्याला फोटोत भिंत कच्ची दिसली असेल. असेलही. पण मग त्यानं फोन का केला नाही? नंबर तर मी वरच आणून ठेवला होता.

बाळू भावजी चाकणला परत गेले नाहीत. वर्ष कधीच उलटून गेलं, आणि अण्णांनी त्याची आठवण काढली नाही. उलट आता शेळी घ्यायला कुणी आलं की तेच त्याला शेड फिरवून दाखवतात. भावजी दर महिन्याला मला विचारतात, किती माणसं आली, कुठून आली, काय बघितलं. मी बसून सगळं समजावून सांगते. लोहाऱ्यात बसून असं काम, असं घर... माझं बरं चाललं आहे.

प्रज्ञा अजून म्हणते, ते 'माहीत नाही' वाले मोजणीतून काढ, आकडे स्वच्छ होतील. तिचं बरोबर आहे. दुसऱ्या कुणाची साइट असती तर मीही काढले असते. या एका साइटवरचा फिल्टर मात्र मी काढून टाकला आहे. का, ते मला प्रज्ञाला नीट सांगता आलेलं नाही, आणि तुम्हालाही सांगता येणार नाही.